सगळ्या फोल्डरांत एकदम शोध: निओमट आणि नॉटमच

आमच्या गावच्या मराठी साहित्य संमेलनाचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. बेळगावच्या आसपास हिवाळा लागला की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी एकेका गावाची संमेलनं सुरू होतात, आणि पाहुणे ठरवायची धावपळ त्याच्या कितीतरी आधीपासून चालते. वक्त्यांशी बोलणं आता बहुतेक मेलवरच होतं. मी निओमट वापरतो; टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत चालणारं हे मेल वाचायचं सॉफ्टवेअर. दर वर्षाचं वेगळं फोल्डर, शिवाय छापखाना, देणगीदार, परवानगी, अशी मांडणी आहे.

अडचण यायची ती शोधताना. बैठकीत अण्णा म्हणायचे, "त्या सरांनी मागं कळवलं होतं नव्हं, पुढच्या वर्षी येतो म्हणून? ते बघ की जरा." निओमटमध्ये स्लॅश दाबून शोधा किंवा एल दाबून यादी गाळा, मिळतं ते फक्त उघडलेल्या फोल्डरातलं. आपलं निमंत्रण 'पाठवलेले'मध्ये, त्यांचं उत्तर त्या वर्षाच्या फोल्डरात, प्रवासखर्चाचं बोलणं देणगीदारांत. माणूस एकच, पण त्याची पत्रं तीन ठिकाणी.

यावर उपाय म्हणून नॉटमच हे मेलची सूची करून शोधणारं सॉफ्टवेअर बसवलं. ते झॅपियन (Xapian) या शोधासाठीच्या तयार कोड-संचावर (लायब्ररीवर) चालतं आणि त्याला मेल आपल्या मशीनवर हवी असते. म्हणून आधी एमबीसिंक या मेल उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने सगळी खाती मेलडिर स्वरूपात उतरवून घेतली. त्यात प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. मग 'नॉटमच सेटअप'. ते नाव, पत्ता आणि मेलची जागा विचारतं. त्यानंतर 'नॉटमच न्यू' ही आज्ञा दिली की सूची तयार होते. पहिल्या वेळी थोडं थांबावं लागतं, पुढे फक्त नवीन पत्रं भरली जातात. आपली फोल्डरं आहेत तशीच राहतात. जीमेलमध्ये एकच पत्र दोन फोल्डरांत दिसतं, तेही इथे एकदाच येतं, कारण नॉटमच पत्र मेसेज-आयडीवरून, म्हणजे प्रत्येक मेलला असलेल्या वेगळ्या ओळख-खुणेवरून ओळखतं.

निओमटमध्ये त्यासाठी नेमलेली कळ दाबून प्रश्न लिहिला की उत्तर एका आभासी फोल्डरात उघडतं. पाठवणाऱ्याचं नाव आणि २०१९ ते २०२३ असा काळ टाकला. सरांची पत्रं समोर आली. त्यातल्या एकावर उभं राहून पूर्ण संवाद मागवला, तर आमचं निमंत्रण, त्यांची अडचण, 'पुढच्या वर्षी नक्की' हे वाक्य, सगळं ओळीने! अण्णांना तिथेच वाचून दाखवलं.

मराठीत शोधताना मात्र शब्दांच्या रूपांकडे लक्ष द्यावं लागतं. 'निमंत्रण' टाकलं तर 'निमंत्रणाचा' सापडत नाही. शेवटी तारा लावून 'निमंत्रण*' लिहायचं. 'कवी' आणि 'कविसंमेलन' यांत वेलांटीच बदलते, तिथे 'कव*' इतकं आखूड करावं लागतं, मग थोडा पाला आला तरी चालेल. गावाच्या पत्त्याचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण लोक दोन्ही लिहितात, काही इंग्रजीत, काही कन्नडमध्ये. ही सगळी रूपं 'ऑर'ने (म्हणजे 'किंवा'ने) जोडून प्रश्न साठवून ठेवला आहे.

ज्यांना नॉटमच नको असेल त्यांनी निदान निओमटमधलं 'थरो सर्च' हे सेटिंग चालू आहे ना ते बघावं. मराठी मेलचा मजकूर पुष्कळदा बेस६४ या सांकेतिक रूपात बांधून येतो. तो उलगडल्याशिवाय 'होकार' हा शब्द पत्रात असूनही हाती लागत नाही.

एक उणीव उरते. जोडलेल्या पीडीएफच्या आतलं नॉटमच वाचत नाही, फक्त फाइलच्या नावावरून शोधतं, आणि संमतीपत्रं तर स्कॅन करून येतात. म्हणून हल्ली पोच देतानाच मी तारीख, सत्र आणि विषय मेलच्या मजकुरात लिहितो. पुढे शोधलं की ती पोच तरी सापडते.