छोटे सेंटर, अपडेट ७: वेगाचा अख्खा तक्ता मागे घेतोय

मंडळी, रग्बीतल्या छोट्या सेंटर्सचा (सेंटर म्हणजे १२ आणि १३ नंबरचे खेळाडू) मागच्या वेळी टाकलेला मोमेंटमचा, म्हणजे वजन गुणिले वेगाचा, तक्ता कुणी वापरू नका, सगळा पुन्हा करावा लागणार आहे. दोन दिवस झाले, डोकं फिरलंय.

मुद्दा आठवत असेल तुम्हाला, ९० किलोचा सेंटर सेकंदाला ८.५ मीटरने आला तर मोमेंटम ७६५, आणि १०५ किलोचा ७.३ ने आला तर ७६६.५, म्हणजे हलक्या माणसाने पळत्या पायावर बॉल घेतला तर वजन भरून निघतं. गणित अजूनही बरोबरच आहे, घोळ वेगात आहे. किनोव्हियात, म्हणजे व्हिडिओवरून अंतर आणि वेग मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मी ग्रिड लावत होतो ती २२ मीटरची रेघ आणि हाफवेच्या (मैदानाच्या मधल्या रेघेच्या) अलीकडची १० मीटरची रेघ धरून, मधलं अंतर १८ मीटर, सगळ्या मॅचेसना डोळे झाकून १८. परवा एका क्लिपमध्ये हलक्यातला एक १३ नंबर, बॉल हातात, तिरका पळतोय, आणि वेग दाखवतंय १० च्या वर. हे शक्यच नाही म्हटलं.

मग नियम उघडून बसलो. मैदानाची लांबी ९४ ते १०० मीटर कितीही चालते. २२ मोजतात गोललाइनपासून आणि १० मोजतात हाफवेपासून, त्यामुळे मैदान जेवढं आखूड तेवढी सगळी कात्री नेमकी या दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यालाच लागते. ९४ च्या मैदानावर तिथे १५ च मीटर उरतात, मी १८ धरले, म्हणजे वेग २० टक्के फुगलेला. आणि वाईट हे की माझ्या सगळ्यात छान वाटणाऱ्या कॅरीज (बॉल घेऊन केलेल्या धावा) तसल्याच मैदानांवरच्या निघाल्या. मी ज्याला छोट्या सेंटरचा वेग समजून खूश होत होतो तो मैदानाच्या आखूडपणाचा होता.

आता हाफवे ते १० ची रेघ घेतोय, आणि आडवं टचलाइनपासून ५ ते १५, दोन्ही कुठेही १० मीटरच. २२ च्या आत गोललाइन ते २२. मधल्या पट्ट्यात मात्र अजून अडतोय, कॅमेरा पॅन झाला की ग्रिड सरकते आणि दर काही फ्रेमना हाताने लावावी लागते. एक पैसे भरून घेतलेलं ॲपही करून पाहिलं, ते तर पॅन झाल्यावर खेळाडूच बदलतं. किनोव्हिया फुकट आहे आणि निदान खोटं बोलत नाही.

एक गोष्ट मात्र जमली आणि ती जमल्यावर मी खुर्चीतून उठलो! जुन्या रेकॉर्डिंग इंटरलेस्ड आहेत, म्हणजे एकेका फ्रेममध्ये दोन क्षणांची अर्धी अर्धी चित्रं गुंफलेली आहेत, हे लक्षातच आलं नव्हतं. २५ फ्रेमवर, दोघांमधलं अंतर सेकंदाला १२ मीटरने कमी होत असेल, तर दोन फ्रेमच्या मध्ये ४८ सेंटीमीटर गायब. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅममध्ये ती चित्रं सुटी करणाऱ्या याडिफ फिल्टरचा मोड १ लावला की ५० फ्रेम मिळतात, अंतर २४ वर येतं, आणि आयर्लंडचा सेंटर गॉर्डन डार्सीचं शेवटचं पाऊल दिसतं! टॅकलर छाती समोर धरून उभा आणि हा त्याच्या बाहेरच्या खांद्यावर निसटलेला. पन्नास वेळा तरी पाहिलं असेल.

आणि हे लिहितानाच वाटायला लागलंय की मोमेंटमचा कॉलमच मुख्य नको. डार्सीचा जोडीदार ओ'ड्रिस्कॉल सहा फुटांच्या आतला, आयर्लंडसाठी १३३ टेस्ट, त्याचं अर्धं मोल तर रकमध्ये (टॅकलनंतर जमिनीवरच्या बॉलसाठीच्या झुंजीत) बॉलवर वाकून उभं राहण्यात होतं. २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या लुखान्यो आमने मापिम्पीला न बघता दिलेला पास, त्यात वजनाचा काय संबंध? शिवाय 'छोटा' हा शब्दच मी ढिला वापरतोय. आयर्लंडचा बंडी आकी उंचीने आखूड आहे पण शंभर किलोच्या वर, त्याला गिटोच्या रांगेत बसवणं चूक. ऑस्ट्रेलियाचा मॅट गिटो ८५ किलोच्या आसपासचा, खरा हलका, आणि २०१५ च्या वर्ल्ड कप फायनलला १२ नंबरला खेळला.

पण त्याच्या बाहेर १३ ला धिप्पाड कुरिड्रानी होता. समोर न्यूझीलंडकडे बघा, १२ ला दणकट नोनू, १३ ला कॉनराड स्मिथ. म्हणजे एकेक माणूस मोजण्यात अर्थ नाही, जोडी मोजायला हवी, जड माणूस कुठे ठेवलाय आणि मोकळी जागा कुणाला मिळते ते. या हिशोबात डार्सी आणि ओ'ड्रिस्कॉल बसत नाहीत, दोघंही फार जड नाहीत, तरी वर्षानुवर्षं एकत्र टिकले, २०१४ ला पॅरिसमध्ये सिक्स नेशन्स जिंकले तेव्हाही तेच दोघं. मला आता हेच शोधायचंय.

तर नवीन शीट जोडीनुसार, १२ आणि १३ वेगळे, उंची आणि वजन वेगळे कॉलम, आणि धडक छातीवर की खांद्यावर ही नोंद आधी. वेग सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा पॅरिसची तीच मॅच घेतोय. कुणाकडे टेस्ट मैदानांच्या गोललाइन ते गोललाइन लांब्या पक्क्या असतील तर द्या, मधल्या पट्ट्याचं काम तेवढ्याने सुटेल.