परतीचा रस्ता कुणाचा सोपा

गोव्यात सरकारी नोकरीला असलेल्या मुलीने एकदा घरात सांगून बघावं, "लग्न करून कोल्हापूरला जाईन म्हणते." मुलगी परक्याचं धन, असं जन्मभर ऐकवत आलेली माणसं एका रात्रीत पक्ष बदलतात. माझ्या मावश्या लग्न होऊन गाव सोडून गेल्या तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसले, पण "कशाला जातेस?" असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. मला मात्र आईने पहिल्याच वाक्याला विचारलं, "सरकारी नोकरी कोण सोडटा गो?" आमच्या घरात बोलणं कोंकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत आणि घाबरणं दोन्हींत.

मी फोंड्याची. पणजीत एका सरकारी खात्यात अकाउंट्सला आहे, रोज कदंबच्या बसने जाऊन-येऊन. तो कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला होता. बेळगावात एका मैत्रिणीच्या लग्नात ओळख झाली. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही, अशा ओळखी लग्नांतच होतात.

नकाशात कोल्हापूर अगदी शेजारी दिसतं. प्रत्यक्षात मध्ये सह्याद्री उभा. कोकण रेल्वे कोल्हापूरला शिवत नाही, गाडीनेच यायचं म्हटलं तर आधी मिरजेला जाऊन वास्कोकडची गाडी धरायची. मग राहतात घाट: आंबोली नाहीतर चोर्ला. पावसाळ्यात आंबोलीत धुकं आणि पर्यटक, चोर्ल्यात धुकं आणि ट्रक. आम्ही बरेचदा सावंतवाडीला भेटायचो, मोती तलावाच्या काठी. तो आंबोली उतरून यायचा, मी बांद्याहून. कधी तो थेट गोव्यात आला तर परत जाताना हद्दीच्या अलीकडे टाकी फुल्ल करायचा, कारण आमच्याकडे पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. "मी काय तुझ्यासाठी येतो होय? पेट्रोलसाठी येतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. पहिल्यांदा हसू आलं होतं.

लग्न करायचं हे लवकर ठरलं. कुठे राहायचं, इथे गाडी अडली.

नातेवाइकांकडे तोडगा तयार होता. "त्याला हंगाच खंय तरी चिकटवूया," म्हणजे ओळखीने सरकारी नोकरीत. गोव्यात अर्ध्या घरांत असा एक काका असतो ज्याची कुणाशी तरी ओळख असते. पण इथल्या सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि कोंकणी यावी लागते. त्याची कोंकणी तेव्हा "देव बरें करूं" पर्यंत पोचली होती. पंधरा वर्षांनी त्याला दाखला मिळेल, तेव्हा त्याला चिकटवायला तो काका राहील का, असं मी विचारलं. विषय बदलला.

दुसरा मार्ग म्हणजे मी जाणं. हा मी नुसता तोंडदेखला तपासला नाही. आमच्या हेडक्लार्क बाईंनी बिनपगारी रजेचे नियम काढून समोर ठेवले. रजा मिळू शकते, पण रजा म्हणजे रजा, त्यावर संसार मांडता येत नाही. मी सुट्टी टाकून कोल्हापुरात त्याच्या आत्याकडे राहून आले. दोन-तीन ठिकाणी अकाउंट्सच्या कामाची चौकशी केली. एका ऑफिसात साहेबांनी आकडा सांगितला तेव्हा मी "महिन्याचा ना?" असं विचारलं, कारण माझ्या हातात पडतो त्याच्या निम्माही नव्हता. तरीही, खोटं कशाला सांगू, मला तिथे आवडलं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी, ग्लासात धार पडतेय आणि वर फेस, हे मी आधी ऐकून होते, पण रात्री जेवण झाल्यावर लोक खरंच रांगेने उभे राहून दूध पितात हे डोळ्यांनी पाहावं लागतं. आत्याने मला पाहुणीसारखं वागवलं नाही, दुसऱ्याच दिवशी लसूण सोलायला बसवलं. मी तिथे राहू शकले असते.

त्या कट्ट्यावरच तो म्हणाला, "तू आलीस आणि नाही जमलं, तर परत कुठं जाणार? तुझी खुर्ची तोवर दुसऱ्यानं धरलेली असणार. मी आलो आणि नाही जमलं, तर फौंड्र्या काय पळून जायला लागल्यात? शिरोली नाही तर गोकुळ शिरगाव."

तोवर आम्ही पगार, घरभाडं, दोघांच्या आया, हवा, भाषा असले सगळे तक्ते मांडून झालो होतो. कुणाचा त्याग मोठा, याचीही अघोषित स्पर्धा चालू होती आणि ती मी जिंकत होते. त्याने एका वाक्यात मोजायची गोष्टच बदलली. कुणाचं जाणं सोपं हे बघायचं नाही, कुणाचं परत येणं सोपं हे बघायचं. राजीनामा दिलेली सरकारी जागा परत मिळत नसते. त्याचा हात मात्र कास्टिंगमधली चूक ओळखणारा, त्याला भट्टी असेल तिथे काम आहे. जो पडला तर उठू शकतो त्याने उडी मारावी, हे इतकं साधं होतं आणि आम्ही कित्येक महिने भांडत होतो!

पुढचा वाद: लग्नाआधी की नंतर? त्याच्या घरच्यांचं म्हणणं, आधी अक्षता पडू देत, मग जा म्हणावं कुठं जायचं ते. माझं म्हणणं उलटं होतं. लग्नानंतर माणूस गाव बदलतो तेव्हा ते नशिबाच्या खात्यात जमा होतं. नाही जमलं तरी मग "आता काय करणार" म्हणत बसायचं. आधी आलं तर निदान नाही म्हणायची सोय राहते, त्यालाही आणि मलाही.

शिवाय गोव्यात लग्नाला दोन सह्या असतात. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगते. आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू आहे, आणि मुक्तीनंतरही लग्नं त्याच कायद्याने लागतात, सगळ्या धर्मांची; वारशासाठी आता राज्याचा वेगळा कायदा आहे, पण त्याचे नियम त्या संहितेतूनच आलेले. आधी निबंधकाकडे जाऊन लग्नाचा इरादा जाहीर करायचा, ती पहिली सही. मग कुणाचा आक्षेप असेल तर त्यासाठी नोटीस, आणि नंतर दुसरी सही. भटजी, सनई, जेवणावळ हे सगळं आपल्या हौसेचं, कायद्याने लग्न लागतं ते दुसऱ्या सहीने. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, निम्मी-निम्मी. हा करार लग्नाआधीच नोंदवायचा, नंतर त्यात फेरफार होत नाही.

ही माहिती मी त्याच्या काकांना फोनवर, अगदी सहज म्हणून दिली. पलीकडे शांतता. मग आवाज आला, "म्हणजे आमचा निम्मा ऊस गोव्याला?"

मी हसले, पण त्यांचा प्रश्न खुळचट नव्हता. आम्ही म्हापशाच्या एका वकीलबाईंना भेटलो. त्यांनी सांगितलं की कुणाला कोणता कायदा लागेल ते अधिवासावर ठरतं, आणि गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्ताही वारशाच्या बाबतीत या संहितेखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. म्हणजे तो इथेच कायमचा राहिला तर काकांची शंका जिवंत. तेव्हा करार करा, आणि पहिल्या सहीच्या आधीच करा. कराराचा मसुदा आता तयार आहे: त्यांचा ऊस त्यांचा, आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, आमचं, लग्नानंतर दोघं मिळवू ते दोघांचं. काका खूश. आई थोडी नाराज, तिला ऊस आवडायला लागला होता बहुतेक.

त्याच्याशी माझं तोंडी ठरलं ते एवढंच. सामान हलवायचा खर्च आणि खोलीचं डिपॉझिट निम्मं माझं, कारण तो माझ्याकडे येत नाहीये, आम्ही दोघं एका गावात येतोय. यावर तो तासभर भांडला आणि हरला. कोल्हापुरातली त्याची खोली तशीच ठेवायची, तिथे भावाची मुलं अभ्यासाला बसवायची नाहीत. पहिल्या सहीच्या आधी दोघांपैकी कुणीही "नाही जमत" म्हणू शकतो, आणि म्हटलं तर कारणांची यादी मागायची नाही.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत त्याला काम मिळालं, पगार शिरोलीपेक्षा थोडा कमी. कुर्टीला खोली घेतली. एकत्र राहायचा प्रश्नच नव्हता, आमच्या वाड्यावर अजून ते वारं पोचलेलं नाही. घरमालकाने "लग्न झालंय?" विचारलं, "ठरलंय" म्हटल्यावर "खंय?" विचारलं, माझ्या घराण्याचं नाव ऐकल्यावर भाडं पाचशेने कमी केलं. पोलीस पडताळणीचा फॉर्म भरून झाला. एमएच ०९ ची मोटारसायकल दिसली की लोक त्याला पर्यटक समजून किनाऱ्याचा रस्ता दाखवतात. फोंड्यात किनारा कुठला?

तो आला जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. गोव्यात राहायला आलेल्या माणसाला पहिले दोन महिने आईने सुक्या सुंगटांची किसमूर आणि खारवलेले बांगडे वाढले. तो म्हणाला, "मग मी आलो कशाला?"

आणि इथून सुरू झालं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्यासाठी कुणीतरी गाव सोडून येतो तेव्हा त्या गावातली प्रत्येक वाईट गोष्ट आपली होते. वीज गेली, मी ओशाळले. बस चुकली, मी ओशाळले. जुलैमध्ये एका संध्याकाळी त्याने कपाटातून त्याचा चामड्याचा पट्टा काढून माझ्यासमोर धरला. पूर्ण लांबीवर हिरवट-पांढरी बुरशी, नुसती मखमल. बकलापाशी दाट, भोकांच्या कडेला विरळ. बोटाने पुसली तर बोटावर पीठ आलं. गोव्यात हे प्रत्येक घरात होतं, आम्ही पावसाळ्याआधी चामड्याच्या वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो. पण मी त्या पट्ट्याकडे अशी बघत उभी होते जणू ती बुरशी मी स्वतः लावली होती. तो मात्र खोबरेल शोधत होता.

मग मी रविवारी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. गप्प आहे. कंटाळला असेल. कोल्हापूर आठवत असेल. "कंटाळलास?" "नाही." थोड्या वेळाने परत, "कंटाळलास ना?" शेवटी तो वैतागला, "अगं, कोल्हापुरात पण मी रविवारी असाच बसायचो! तिथं बघायला तू नव्हतीस, एवढाच फरक."

त्याला इथे रुजवलं ते मी नव्हेच, फुटबॉलने. कोल्हापूर म्हणजे तालमी आणि कुस्ती एवढंच आम्हाला माहीत. तिथल्या पेठांमधल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने असले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात, हे मला त्याच्याकडून कळलं. आणि इकडे गोव्याचा तर तो राज्य खेळ. कारखान्यातल्या पोरांनी एकदा एक माणूस कमी पडला म्हणून त्याला चिखलात उतरवलं. रात्री तो गुडघा सोलून, शर्टाचा रंग ओळखू येणार नाही असा आमच्या दारात. आई म्हणाली, "जांवय मारून घेवन आयला." त्याला कळलं नाही काय म्हणाली, पण जांवय हा शब्द कळला आणि तो उगाचच खूश झाला. आता बुधवार-शनिवार तो मला भेटत नाही. मीही त्याला काही विचारत नाही, मला मराठी नाटकाच्या तालमी असतात.

पहिली सही तुळशीच्या लग्नानंतर करायची असं चाललंय. त्याने अजून "नाही जमत" म्हटलेलं नाही, मीही नाही. त्याची आई दर फोनला "वजन कमी झालंय का रे?" विचारते, मी शेजारी बसून ऐकते.

तूर्तास डोक्याला वेगळाच ताप आहे. चवथ आली. आमच्या घरी गणपती, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला पुरुष माणूस हवा म्हणून आईने त्याला परस्पर धरून ठेवलंय. त्यांच्या घरीही गणपती, आणि थोरला मुलगा म्हणून प्रतिष्ठापनेला तो हवाच. दिवस एकच, मध्ये घाट. तो म्हणतो, या वर्षी प्रतिष्ठापना भावाला करू दे. आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यांचा गौरींबरोबर जाणारा. म्हणजे आमचं विसर्जन करून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तर गौरी बसायच्या आत कोल्हापूर गाठता येईल. पाऊस किती आहे त्यावर चोर्ला की आंबोली ते ठरेल. त्याच्या भावाशी बोललोय, त्याच्या आईशी बोलायचं राहिलंय. तिच्याशी तो बोलणार की मी, यावर काल रात्रीपासून चर्चा चालू आहे.