कोरा रकाना म्हणजे शून्य का?

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ उभं राहिलं १९६२ साली. इकडं अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणारं केंद्र काढलं, तेही त्याच वर्षी. आता अशी केंद्रं ठिकठिकाणी आहेत आणि तत्त्वज्ञानात पीएच.डी. केलेली माणसंही तिथं सापडतात. काहीजण पुढं विद्यापीठाचं तंत्रज्ञानही सांभाळतात. ‘तत्त्वज्ञानवाल्याचं तिथं काय काम?’ असं राजारामपुरीत कुणी विचारलंच, तर त्याला एलएमएसमधला, म्हणजे असाइनमेंट आणि गुण सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, गुणतक्ता दाखवावा.

समजा, सेमिस्टरला दहा सारख्या गुणांच्या असाइनमेंट आहेत. पोरानं एकच दिली, तीत ९० टक्के. बाकी नऊ रकाने कोरे. कॅनव्हास नावाचं एलएमएस एकूण दाखवतं ९० टक्के, कारण कोरा रकाना ते हिशेबातच धरत नाही. मूडल या दुसऱ्या एलएमएसमध्येही मुळातली सेटिंग रिकामे गुण वगळणारीच. पोरगं खुशीत. शेवटी प्राध्यापक शून्यं भरतात आणि ९० चे ९ होतात. बोंब आयटीकडं जाते, पण सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो.

न्याय-वैशेषिक या भारतीय दर्शनांनी अभावाचे, म्हणजे ‘नसण्याचे’, चार प्रकार मानले. इथं तीन कोरे रकाने वेगळे ओळखले तरी भागतं. मुदत यायचीय, तो तसाच ठेवायचा. मुदत टळली, त्यात लगेच शून्य. कॅनव्हासमध्ये हे आपोआप होण्याची सोय आहे, ती सेमिस्टरच्या आधी चालू करायची. आजारपणाची सूट असेल तर तिथं ‘ईएक्स’ टाइप करायचं. एलएमएस बदलताना नेमके हेच नियम निसटतात, म्हणून पाच खोटे विद्यार्थी घालून एकूण गुण हातानं ताडून बघावेत.

शिकवण्याच्या बाजूचं काम याहून नाजूक. सेमिस्टरच्या मध्यावर केंद्राचा माणूस वर्गात येतो, प्राध्यापक बाहेर जातात. चार-पाच जणांचे गट करून विचारायचं: कशामुळं शिकणं सोपं जातं, काय अडतं, काय बदलावं? वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. मग प्राध्यापकांशी एकट्यानं बोलायचं, आणि काय बदलणार, काय नाही हे त्यांनी पुढच्या तासाला वर्गात सांगायचं. ते राहिलं तर पोरं पुन्हा तोंड उघडत नाहीत. आणि पोरांच्या या उत्तरांचा अहवाल प्राध्यापकांच्या बढतीच्या समितीकडं गेला, की त्या केंद्राला पुन्हा कोण बोलावणार?

या कामासाठी इकडं अमेरिकेत यायचं तर व्हिसाचं गणित आधी मांडा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर कामाची मुभा १२ महिने. त्यापुढचे २४ महिने स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांना मिळतात, तत्त्वज्ञान त्यात नाही. विद्यापीठातल्या नोकरीला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक संख्येची मर्यादा लागू नसते, एवढाच दिलासा.

मूडल फुकट आहे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाका, एक कोर्स उभारा आणि ते पाच खोटे विद्यार्थी तिथंच नापास करून बघा.