एवढं आहे तर बाहेर जेवता कशाला?

तुम्ही परवा बारशात विचारलंत. त्याआधी जाऊबाईंनी विचारलं होतं, शाळेच्या फाटकाशी थांबणाऱ्या आयांनी विचारलं होतं, आणि एकदा तर मेडिकलवाल्यानं सिरिंजचं पाकीट हातात देतादेता विचारलं होतं. माझ्या मुलीला, मनूला, शेंगदाण्याची एवढी अ‍ॅलर्जी आहे, तर सुट्टीत हिंडायला गेल्यावर हॉटेलात जेवता कशाला? घरून डबा न्यायला काय होतं? दरवेळी मी ‘नेतो की डबाही’ म्हणते आणि विषय बदलते. बारशात तुमच्या आवाजात काळजी होती हे मला कळलं. पण शेवटी ‘चार दिवस जिभेला आवर घातला तर काय बिघडतं’ हे आलंच. ते लागलं. म्हणून हे लिहितेय.

जिभेचं असतं तर सोपं होतं हो. घरात सगळ्यांत कमी चवीनं जेवणारी बाई मीच असेन.

आधी मला सांगा, आपल्या बेळगावच्या भागात दाण्यापासून पळायचं म्हणजे पळायचं कुठे? भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, पालेभाजीत कूट, ताटाच्या डाव्या अंगाला शेंगाची चटणी. संक्रांतीला शेंगाची पोळी. एकादशीला तर घरभर दुसरं काही नसतंच, साबुदाण्याच्या खिचडीपासून दाण्याच्या आमटीपर्यंत. खरं सांगायचं तर मला हॉटेलापेक्षा नातेवाइकांच्या घरी जायची जास्त भीती वाटते. हॉटेलवाल्याला मी उलटसुलट प्रश्न विचारू शकते, भटारखान्यात डोकावू शकते, नाही पटलं तर पाणी पिऊन उठू शकते. हेच मावससासूबाईंच्या घरी करून दाखवा. ‘अगं, दाणे घातलेच नाहीत, नुसतं चिमूटभर कूट लावलंय’ असं मला तिथे फार मायेनं सांगितलं गेलंय. तिथे कुणी विचारत नाही, की एवढं आहे तर पाहुण्यांकडे जाता कशाला.

‘थोडं थोडं देऊन सवय लावा’ हेही त्याच घरात ऐकलं. चीड येते, कारण त्या बोलण्यात तथ्याचा एक कण आहे. ज्या तान्ह्या मुलांना हा धोका जास्त असतो, त्यांना पहिल्या वर्षातच दाण्याचे पदार्थ नेमानं देत राहिलं तर पुढे ही अ‍ॅलर्जी पुष्कळच कमी जणांना होते, असं इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासातून २०१५ साली पुढे आलं. पण ते अ‍ॅलर्जी जडण्याच्या आधीचं. जडल्यावर थोडं थोडं देण्याचे उपचारही आहेत, मात्र ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. स्वयंपाकघरात चमच्यानं करायचं काम नव्हे ते. आणि हो, काजू तिला चालतात. तपासून घेतलंय. शेंगदाणा तूर-हरभऱ्याच्या कुळातला, काजूचं कूळ वेगळं. काही मुलांना दोन्ही सोसत नाहीत, हिला एकच. काजूकतली खाताना बघून ‘मग नखरेच की’ म्हणणाऱ्यांना मी उत्तर द्यायचं सोडलंय.

आम्ही बाहेर जेवतो म्हणजे वाटेल तिथे बसतो असं तुम्हाला वाटत असावं. सकाळी लवकर, इडली. वाफेवरची असते, पहिल्या घाण्याची मिळाली तर उत्तम. चटणी नाही, कारण नारळ परवडत नाही म्हणून त्यात दाणे वाटून घालणारे कमी नाहीत. उप्पीट, पोहे, चित्रान्न, गिरमिट यांना लांबूनच नमस्कार. तेल कुठलं ते विचारायचं. चांगल्या रिफाइंड शेंगतेलात दाण्याचं प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं, आणि आपल्याकडे ‘आम्ही घाण्याचंच वापरतो’ हे छाती पुढे काढून सांगतात. तांबड्या रश्शाच्या पंजाबी भाज्या नाहीत, कारण काजूच्या नावाखाली दाण्याची पेस्ट घालून ग्रेव्ही दाट करतात. कुंदा चालतो, पण चिक्कीच्या शेजारी उघडा मांडलेला असेल तर तोही नाही. वेटरला विचारत नाही, त्याला सगळं ‘नाही’च सांगायची घाई असते, आचाऱ्याला विचारते. पर्समध्ये कन्नड आणि मराठीत लिहिलेलं जाड कार्ड असतं: दाणे, कूट, शेंगाची चटणी, शेंगतेल, यातलं काहीही पोटात गेलं तर मुलीचा श्वास बंद होतो. हल्ली ज्यांच्या १० किंवा जास्त शाखा आहेत अशा हॉटेलांना पदार्थात अ‍ॅलर्जीचं काय आहे ते सांगायचा नियम आहे. छान आहे नियम. बेळगावहून बदामीला जाताना लागणाऱ्या यरगट्टीच्या रस्त्यावर १० शाखांचं हॉटेल दिसलं तर कळवा.

यरगट्टीचं नाव निघालंच आहे. तुमच्या प्रश्नाच्या पोटात तीच दुपार आहे हे मला माहीत आहे, फक्त सभ्यपणामुळे तुम्ही ते बोलून दाखवत नाही.

मे महिना, आम्ही बदामीला निघालो होतो. मनू तेव्हा सात वर्षांची. डबा होता बरं का! धपाटे, दही, बटाट्याची सुकी भाजी. भाजी गाडीतल्या उकाड्यानं आंबली, झाकण काढताच कळलं. रस्त्याकडेला एक खानावळ होती, दारातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. मालक काउंटरवर, आत चुलीपुढे एक म्हातारी अव्वा. मी कार्ड घेऊन सरळ तिच्याकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं, मालकानं वाचून दाखवलं. अव्वानं माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे, आणि काही न बोलता तवा उतरवून घासायला घेतला. फोडणी न दिलेली डाळ वेगळ्या पातेलीत काढली, पळी विसळली, दह्याचं नवं मडकं उघडलं. पीठ कुठलं, तेही विचारलं मी. एवढं नीट ऐकून घेणारा स्वयंपाकी मला बेळगावातसुद्धा भेटलेला नव्हता. मी स्वतः उभी राहून ताट वाढून घेतलं आणि हातात धरून बाहेर आणलं.

मनू मजेत जेवत होती. वाढपी म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोरगं, हातात एकाच दांडीला जोडलेल्या चार वाट्यांचं ते वाढायचं भांडं: शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, लोणचं, खर्डा. आमच्या ह्यांच्या ताटात त्यानं चटण्या वाढल्या. मनूनं ‘दही’ म्हटलं. पोरगं हुशार, लगेच आत जाऊन दह्याची वाटी घेऊन आलं, आणि वाटीतलं दही तिच्या ताटात घालायला त्यानं हातातलाच चमचा वापरला.

दह्याच्या कडेला विटकरी रंगाची एक बारीक रेघ होती. चटणीच्या तेलाची. ती मला दिसली तेव्हा निम्मं दही संपलं होतं.

‘आई, जिभेवर केस आलाय,’ मनू म्हणाली. बोटांनी जिभेवरचा नसलेला केस काढायला लागली. मग कान खाजवायला लागली. वरचा ओठ एका बाजूनं जाड झाला, गळ्यावर गांधी उठल्या. ह्यांनी अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या औषधाची बाटली काढली. मनू खोकली, कोरडं, कुत्र्याच्या पिल्लासारखं, आणि पुढचं ‘आई’ म्हणाली ते घोगरं आलं.

आवाज बदलला की थांबायचं नाही, हे डॉक्टरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. पित्ताचं औषध गांधी बसवतं, घसा उघडत नाही. घसा उघडायला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. परदेशात त्याचं टोचायचं तयार पेन मिळतं, आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही, म्हणून आमच्याकडे अ‍ॅड्रेनलिनच्या काचेच्या कुप्या आणि सिरिंज असते, उन्हात तापू नये म्हणून वेगळ्या पिशवीत, गाडीत न ठेवता खांद्याला. मोसंब्यावर सराव केलेला होता. मोसंबं हात झाडत नाही. ह्यांनी तिचे गुडघे दाबून धरले, मी कुपीची मान मोडली, काच बोटात घुसली, तिच्या वजनाप्रमाणे सांगितलेल्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला, लेगिंग्जवरूनच टोचलं. भोवती माणसं जमली होती. कुणी लिंबूपाणी आणलं, कुणी मीठ-मिरच्या ओवाळायला घेतल्या, एकजण तिला उठवून बसवून पाठीवर थापट्या मारायला निघाला, त्याच्यावर मी अशी ओरडले की तो माणूस बिचारा भिंतीला टेकला. बाकावर आडवं झोपवून पाय वर धरायचे असतात, लगेच उभं करायचं नसतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मनू थरथरत होती, पांढरीफटक, छाती धडधडत होती, ते औषधानंच होतं. मग ती रडली, आणि रडण्याचा आवाज तिचा होता.

मालक मोटरसायकलवर पुढे हॉर्न वाजवत, आम्ही मागे. दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही तासांनी हे दुखणं पुन्हा उलटू शकतं. उलटलं नाही. बदामी राहिली.

‘खानावळवाल्यावर केस का नाही केलीत?’ हाही प्रश्न येतो. कुणावर करू? मी सांगितलं ते सगळं अव्वानं केलं, न सांगितलेलंही केलं. पोरग्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानं तर धावत जाऊन दही आणलं होतं. आम्ही निघालो तेव्हा तो ते चार वाट्यांचं भांडं हातात धरून तसाच उभा होता, खाली ठेवायचंही सुचलं नव्हतं त्याला.

त्यानंतर मी अगदी तेच केलं जे तुम्ही आज सांगताय. वर्षभर बाहेरचा घास नाही. गोव्याला गेलो तर खोलीत विजेच्या कुकरवर खिचडी. लग्नाला गेलो तर कार्यालयाच्या मागच्या पायरीवर डबा. तेव्हाची मी फार ठाम होती. तुमचा प्रश्न तेव्हा मला कुणी विचारला असता तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. आणि ती चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही, कारण त्या वर्षात मनूला साधी गांधसुद्धा उठली नाही.

मग एकदा आंबोलीला दीर-जाऊ, त्यांची मुलं, सगळे जेवायला उतरले. मी डब्याची पिशवी काढत होते. मनू म्हणाली, ‘तुम्ही सगळे जेवून या. मी गाडीतच बसते. काच थोडी खाली ठेवा फक्त.’ रुसून नाही. आपण चप्पल दाराबाहेर ठेवतो तितक्या सवयीनं. तिला असं बोलायला कुणी शिकवलं? मीच की.

डबा बंद नाही केला. पण इडलीपासून पुन्हा सुरुवात केली. आता नियम वाढलाय: टेबलावर कुणी येऊन काही वाढायचं नाही, आम्हा दोघांच्या ताटातही चटणी नाही, जे येईल ते एकदाच आतून भरून येईल. आणि विचारते ती स्वतः. शाळेत कन्नड असल्यामुळे तिचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत. ‘अण्णा, शेंगा हाकीरेन्री?’ म्हणजे दाणे घातलेत का, असं काउंटरवर टाचा उंच करून विचारते, आणि समोरचा ‘इल्लरी’, नाही, म्हणाला तरी आत बघायचंय म्हणते. काही लोक हसतात. परवा एकानं आम्हाला सरळ ‘मग घरी जेवा की’ म्हटलं, मनूनं ‘बरं’ म्हटलं आणि आम्ही उठलो. उद्या ही धारवाडला नाहीतर पुण्याला शिकायला जाईल. तिथल्या मेसमध्ये मी पळी विसळून घ्यायला उभी असणार आहे का?

हे मला पटतं. मग रात्री जुनी मी येऊन बसते आणि विचारते, उठून जायला शिकवायचं म्हणून पोरीला विषाच्या तोंडाशी नेतेस? घरात शिकव. मी म्हणते, घरात कोण अनोळखी आहे? ती म्हणते, अव्वाही अनोळखी होती, आणि तिनं काहीच चुकवलं नव्हतं. इथे मी गप्प होते. हॉटेलात पूर्ण वेळ माझी नजर मनूच्या ओठांवर असते, माझं ताट गार होतं, आणि तुम्ही म्हणता जिभेला आवर घाला.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बदामी ठरतंय. ह्यांचं म्हणणं, कुकर आणि शिधा घ्यायचा, वाटेत कुठेही थांबायचं नाही. माझं म्हणणं, सकाळची इडली. मनूला त्याच खानावळीत त्याच अव्वाच्या हातची भाकरी खायची आहे. ती अर्धीच राहिली होती म्हणे. हे ऐकून हे ताटावरून उठून गेले. बदामीची खोली मात्र बुक झालीय. त्यामुळे तुम्हाला दोन दिवस टिकणारं, बिनदाण्याचं काही करता येत असेल तर जरूर सांगा. टोमणा नाही हा, खरंच लागणार आहे.