घोडा मेलाच नव्हता

परवा दुपारी ‘स्टार ट्रेक’ या अवकाशयानाच्या मालिकेचा अगदी सुरुवातीचा, १९६६चा एक भाग लावून बसले होते. यानाचा कॅप्टन कर्क, त्याचा जिवलग दोस्त गॅरी मिचेल याच्या अंगी अचानक दैवी शक्ती येते, डोकं फिरतं आणि तो कर्कचं थडगं कर्क जिवंत असतानाच तयार करतो. डोक्याशी कोरीव दगड. त्यावर नाव, जेम्स आर. कर्क.

मी रिमोट उचलून चित्र थांबवलं. हा दगड मी आधी पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल, पण दर वेळी इथे थांबतेच. कारण कर्क ‘आर.’ नाहीच, ‘टी.’ आहे. टी म्हणजे टायबेरियस. पुढच्या भागांत नाव बदललं आणि दगड तसाच राहिला. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती अशी. कोरण्याआधी कुणाला तरी विचारून घ्यायचं!

पण ज्याला अवघं विश्व कळू लागलंय, त्याला मित्राच्या नावातलं एक अक्षर कळू नये? मग मीच उत्तर शोधलं. दोघं एकत्र शिकत होते, तेव्हाची काहीतरी थट्टा असणार. आर म्हणजे काय असेल, कुणी ठेवलं असेल, कर्क किती चिडला असेल, असं रचता रचता पंधरा मिनिटं गेली. पडद्यावर थडगं तसंच.

ही खोड जुनी आहे. घरात आता माझ्या शेजारी बसून कुणी सिनेमा पाहत नाही. मात्र एक सांगते, अर्धा पेला पुढच्या दृश्यात भरला कसा, असल्या चुकांत मला रस नाही. त्या कुणीही पकडतं. अपवाद एकच. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमात एका स्टॉर्मट्रूपरचं, म्हणजे शत्रूच्या सैनिकाचं, टाळकं दाराच्या चौकटीवर आपटतं. २००४ साली डीव्हीडी काढताना ते दृश्य कापायचं सोडून त्यांनी तिथे ‘ठक्’ असा आवाज घातला. याला म्हणतात मनाचा मोठेपणा.

मला हव्या असतात गोष्टीच्या पोटातल्या चुका. गोष्ट सांगणारा आपलंच आधीचं बोलणं विसरतो ना, त्या. तो विसरतो आणि ऐकणारा विसरत नाही. ऐकणाऱ्याला काय, दुसरा उद्योगच नसतो.

लहानपणी आजी रात्री गोष्ट सांगायची. गोष्ट एकच, कुण्या राजपुत्राची, वर्षानुवर्षं चाललेली. शेवट तिलाही माहीत नसावा. राजपुत्राचा एक पांढरा घोडा होता. एका रात्री तो नदीच्या पुरात गेला आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. तिसऱ्या रात्री बघते तर राजपुत्र आपला त्याच घोड्यावर बसून निघालाय.

“आजी, घोडा मेला होता ना गं?”

अंधारात जरा वेळ काहीच नाही. मग, “वाहून गेला म्हटलं मी. मेला म्हटलं का?”

“राजपुत्रानं त्याला पुरलं, असं म्हणालीस.”

आता गप्प बसणं जास्त लांबलं. “तो दुसरा घोडा होता. त्याच्यासारखाच दिसणारा. राजपुत्र फसला.”

आजोबा दारात उभे राहून ऐकत होते. हातात विजेरी, तिचा उजेड आजीच्या पांघरुणावर. हसत म्हणाले, “तू वकीलच व्हायला हवी होतीस.” आजी फणकारली, “अहो, तुम्ही झोपा बरं आता!”

ती झोपली, आजोबा गेले, मी मात्र टक्क जागी. तो दुसरा घोडा कुणाचा? नदीकाठी काय करत होता? त्याच्यासाठी कुणी रडलं का? एका चुकीत मला अख्खा घोडा फुकट मिळाला होता.

मार्व्हल कॉमिक्सचे स्टॅन ली आजीच्याच घराण्यातले. हल्क होणारा शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर १९६४च्या एका अंकात अचानक बॉब बॅनर झाला. चूक त्यांची स्वतःचीच. वाचकांनी धरलं तेव्हा लींनी उत्तर दिलं की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. झालं! तेव्हापासून ते तसंच आहे. पुढे मार्व्हलनं ‘नो-प्राइझ’ नावाचं बक्षीसच ठेवलं. आधी ते चूक पकडणाऱ्याला मिळे, नंतर नंतर ती चूक मुळात चूकच कशी नाही, हे पटवून देणाऱ्याला. बक्षीस म्हणजे टपालानं येणारं पाकीट. पाकिटावर अभिनंदन छापलेलं, पाकीट रिकामं. मला आलं असतं तर मी ते काचेच्या चौकटीत लावलं असतं.

असं मागाहून रफू करण्याला या मंडळींत ‘रेटकॉन’ म्हणतात. सगळेच रफू जमत नाहीत, काहींचं नुसतं ठिगळ होतं. ‘स्टार वॉर्स’मधला यानचालक हान सोलो १९७७ साली बढाई मारतो की अमुक फेरी आपल्या यानानं बारा पार्सेकच्या आत मारली. पार्सेक हे अंतर आहे, सव्वातीन प्रकाशवर्षांचं. म्हणजे ‘मी इतका जोरात पळालो की दोन कोसांत पोचलो’ म्हटल्यासारखं. तर २०१८ साली एका अख्ख्या सिनेमात त्यानं धोक्याची आडवाट काढून अंतरच कसं कमी केलं ते दाखवलं. एवढं कशाला? बढाईखोर माणूस आहे, चुकला असेल!

‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांच्या कपाळाचं तसंच. १९६०च्या दशकात मालिकेकडे पैसे नव्हते, म्हणून त्यांची कपाळं तुमच्या-माझ्यासारखी सपाट. १९७९च्या सिनेमात पैसे आले आणि कपाळांवर हाडांच्या वळ्या आल्या. मग १९९६ साली ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’च्याच पुढच्या मालिकेची माणसं कालप्रवास करून थेट १९६७च्या जुन्या भागात शिरली. भोवती सपाट कपाळांचे क्लिंगॉन, मध्ये या माणसांबरोबर आलेला वळ्यांचा क्लिंगॉन, वॉर्फ. सगळे त्याच्याकडे बघतात. तो म्हणतो, बाहेरच्यांपुढे आम्ही हा विषय काढत नाही. मी टाळ्या वाजवल्या होत्या. तिथेच थांबायचं की नाही? पण २००५ साली कुणाला तरी राहवलं नाही आणि दोन भाग खर्ची घालून एका विषाणूची कथा सांगितली. कथा वाईट नाही. पण मला वॉर्फचं ते घुम्यासारखं उत्तर जास्त खरं वाटतं. घराघरांत असे विषय असतात.

‘स्टार ट्रेक’मधल्या यानावरच्या चेकॉव्हचं तर काय सांगू. १९८२च्या सिनेमात खलनायक खान त्याला बघतो आणि म्हणतो, मी चेहरा विसरत नाही. खान मूळ मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये येऊन गेलेला, चेकॉव्ह दाखल झाला दुसऱ्या सीझनमध्ये. ते काम करणारे वॉल्टर कोनिग गमतीनं सांगतात, चेकॉव्ह तेव्हाही यानावरच होता, शौचालय अडवून बसला होता आणि खान बाहेर खोळंबला होता. तो चेहरा कोण विसरेल?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत अटलांटिस हे दंतकथेतलं नगर बुडालं १९६७ साली. १९७१ साली कळलं की ते वेगळ्याच कुणी नष्ट केलं होतं. १९७२ साली ते पुन्हा नष्ट झालं. इथे आजीनं हात टेकले असते.

एका ठिकाणी मात्र मी सुई-दोरा बाहेर काढत नाही. ‘स्टार वॉर्स’च्या १९८३च्या सिनेमात ल्यूक आपल्या जुळ्या बहिणीला, लेयाला विचारतो, तुला आपली आई आठवते का? सख्खी आई, असं तो मुद्दाम म्हणतो. ती म्हणते, थोडीशी. मी अगदी लहान असताना गेली. सुंदर होती, मायाळू, पण दुःखी. २००५च्या सिनेमात ती आई जुळ्यांना जन्म देते आणि तिथेच मरते. कुणी म्हणतात, लेयाला ते फोर्सच्या, म्हणजे त्या गोष्टीतल्या गूढ शक्तीच्या बळावर दिसलं. कुणी म्हणतात, ती नकळत दत्तक आईबद्दलच बोलत असेल. म्हणोत.

गेल्या वर्षी कपाट आवरताना आजोबांचा एक फोटो निघाला. मागे आजीच्या अक्षरात ते गेले ती तारीख. मी ती दोनदा वाचली आणि आईला हाक मारली.

“हो की,” आई म्हणाली, “तू सहा महिन्यांची होतीस तेव्हा.”

मी तिला दाराचं सांगितलं, विजेरीचं, वकिलीचं. तिनं जरा वेळ फोटोकडे पाहिलं. “तुझे मोठे काका असतील ते. त्यांच्यासारखेच तर दिसतात.”

असतीलही. पण आजी काकांना ‘अहो’ कशाला म्हणेल?