रोझली ते बॅझलो: चॅट्सवर्थच्या कुरणांतून ८ किलोमीटर

इंग्लंडमधल्या डर्बिशरमध्ये डर्वेंट नदीच्या काठाने रोझली ते बॅझलो ही पायवाट सुमारे ८ किलोमीटरची आहे. चढ जवळजवळ नाहीच. नुसतं चालायला अडीच तास लागतात, थांबत-बघत गेलं तर चार. बरेच लोक ती बॅझलोहून सुरू करतात, कारण तिथलं पार्किंग मोठं आहे. आमचा सल्ला उलटा आहे: गाडी बॅझलोला लावा, बसने रोझलीला जा आणि तिथून चालत परत या.

याचं कारण ऊन. वाटेत लागणारं चॅट्सवर्थ हाऊस म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांचा, कॅव्हेंडिश घराण्याचा वाडा. त्याची नदीकडची बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य वाड्याच्या मागे असतो, त्यामुळे समोरची भिंत काळपट दिसते आणि फोटो वाया जातात. दुपारी दोननंतर तीच भिंत मधासारखी पिवळी होते आणि खिडक्यांच्या चौकटींवरचा सोन्याचा वर्ख लांबूनही चमकतो. दक्षिणेकडून उत्तरेला चालताना सूर्य पाठीशी राहतो आणि वाडा हळूहळू उलगडत जातो. बॅझलोकडून निघालात तर तो पहिल्या तासाभरातच येऊन जातो आणि पुढची वाट उतरणीला लागल्यासारखी वाटते.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे (ओएस) या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्स्प्लोरर मालिकेतला ओएल२४, व्हाइट पीक. प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. त्यावर हिरव्या तुटक रेघा दिसतात: आखूड तुकड्यांची रेघ फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, लांब तुकड्यांची घोडे आणि सायकलींसाठीही. प्रत्यक्षात फाटकांवर हेच पिवळ्या आणि निळ्या बाणांनी दाखवलेलं असतं. जमीन खाजगी असली तरी अशा वाटेवरून चालायचा हक्क कायद्याने सर्वांना आहे, त्यामुळे शेतात शिरताना बिचकायचं कारण नाही. मात्र वाट सोडून फिरायचा हक्क त्यात येत नाही. फोनवरच्या नकाशावर विसंबणार असाल तर तो आधी डाउनलोड करून ठेवा, खोऱ्यात सिग्नल भरवशाचा नसतो.

बॅझलोहून बेकवेलला जाणारी बस घ्या आणि तिथे मॅटलॉककडे जाणारी बदला. ती ए६ रस्त्याने जाते आणि रोझलीला थांबते. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, आदल्या रात्री तपासा. ही खटपट सकाळी उरकून टाकायची हा दुसरा फायदा: संध्याकाळी गाडी समोर उभी असते, चुकायला बसच नसते.

रोझलीत ए६ सोडून चर्च लेनने सेंट कॅथरिनच्या चर्चवरून उत्तरेकडे निघायचं. लवकरच डांबर संपतं आणि नदी उजव्या हाताला येते. कॅल्टन लीजपर्यंतचा हा अडीच किलोमीटरचा टप्पा सगळ्या वाटेत सर्वांत चिखलाचा. नदीकाठची सपाट गाळाची जमीन, त्यात गुरांचे खूर. नोव्हेंबर ते मार्च फाटकापाशी घोट्यापर्यंत पाय जातो. साधे स्पोर्ट्स शूज इथे भिजतात आणि मग उरलेली वाट ओल्या मोज्यांनी चालावी लागते. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट घाला. चिखल टाळायला कडेने नवी वाट पाडू नका, त्याने तो फक्त रुंद होतो. सरळ मधून जा.

गुरं असतील तर वासरं आहेत का ते आधी बघा. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, पळायचं नाही. बरोबर कुत्रं असेल तर ते आखूड पट्ट्यावर हवं, पण गुरं अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो आणि ते तुमच्याहून जोरात पळतं. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: बंद असेल तर बंद, उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडं.

कॅल्टन लीज ही चार घरांची वस्ती. पुढे चॅट्सवर्थ इस्टेटचं, म्हणजे वाड्याच्या जमीनजुमल्याचं गार्डन सेंटर आहे, तिथे स्वच्छतागृह आणि खाणंपिणं मिळतं. कार पार्क ओलांडून वाड्याभोवतीच्या पार्कमध्ये शिरलात की लगेच नदीकाठी छत नसलेली दगडी गिरणी दिसते. वास्तुविशारद जेम्स पेन याने ती १८व्या शतकात बांधली. १९६२ च्या वादळात तिच्यावर झाडं कोसळली, तेव्हापासून ती तशीच उभी आहे. आत चढू नका, दगड सैल आहेत.

इथून पुढे जे काही ‘निसर्गरम्य’ दिसतं ते मुद्दाम मांडलेलं आहे. १७६० च्या सुमारास डेव्हनशरच्या चौथ्या ड्यूकने कॅपेबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकाराकडून हा पार्क नव्याने घडवून घेतला. उतार, झाडांचे पुंजके, नदीचं वळण, सगळं वाड्यातून कसं दिसेल या हिशेबाने. त्याआधीची शेती मात्र पुसली गेली नाही. ऊन तिरपं असताना गवताकडे नीट पाहा: काही पावलांच्या अंतराने एकामागून एक समांतर उंचवटे दिसतात, अंथरलेल्या सतरंजीला चुण्या पडाव्यात तसे. ते जुन्या नांगरटीचे वरंबे. जमीन पुन्हा नांगरली गेली नाही म्हणून टिकले. भर दुपारी ते दिसतच नाहीत, हिवाळ्यात उत्तम दिसतात.

हरणं पश्चिमेच्या उतारावर असतात. ऑक्टोबरमध्ये नर माजावर येतात, तेव्हा किमान शंभर पावलं लांब राहा. जूनमध्ये गवतात एकटं पाडस दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं, हात लावू नका. उन्हाळ्यात उंच गवतातून चालल्यावर पायांवर गोचिडी आहेत का ते तपासा.

पेनच्याच तीन कमानींच्या पुलापाशी आलात की लगेच ओलांडू नका. डावीकडे टेकाडावरून दहा मिनिटांवर एडेन्सर आहे. उच्चार ‘एन्झर’, लिहिलंय तसं वाचलंत तर स्थानिक माणूस ओठांतल्या ओठांत हसेल. वाड्यातून दिसणारं जुनं गाव सहाव्या ड्यूकने हलवलं आणि १८३८ ते १८४२ या काळात टेकाडाआड नवं वसवलं. वाड्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याच्या देखरेखीखाली एकेक घर वेगळ्या धाटणीचं झालं: एक स्विस, दुसरं इटालियन, तिसऱ्याला किल्ल्यासारखा बुरूज. दारं-खिडक्यांचा निळा रंग मात्र एकच, तो दिसला की इमारत इस्टेटची समजायची. जुन्या गावातलं एकच घर रस्त्यापलीकडे एकटं उरलं आहे.

इथलं चर्च वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं. मागच्या चढावर कॅव्हेंडिश घराण्याच्या कबरी आहेत, साधे उभे दगड, एवढ्या मोठ्या वाड्याच्या मानाने अगदी मुकाट. त्यांत कॅथलीन केनेडीची कबर आहे. तिचा नवरा घराण्याचा वारस होता, तो १९४४ मध्ये युद्धात मारला गेला. ती १९४८ मध्ये विमान अपघातात गेली. तिचा भाऊ जॉन एफ. केनेडी जून १९६३ मध्ये इथे येऊन गेला, त्याची नोंद जमिनीतल्या छोट्या फरशीवर आहे. पॅक्स्टनही याच आवारात आहे. एडेन्सरात खायला मिळेलच असं धरून चालू नका.

पुलावर परत या. इथून वाडा समोरासमोर न दिसता कोनातून दिसतो, दोन बाजू एकदम. वाटेतला सर्वांत चांगला फोटो पुलावर उभं राहूनच मिळतो. वाड्याच्या उजवीकडे झाडांवर पाण्याचा तुरा दिसला तर तो एम्परर फाउंटन. रशियाचा झार निकोलस पहिला येणार म्हणून पॅक्स्टनने १८४४ मध्ये तो उभारला. वरच्या माळावर तळं खोदलं, नुसत्या उंचीच्या दाबाने पाणी वर उडतं, पंप नाही. झार आलाच नाही. वारा जोराचा असला तर कारंजं बंद ठेवतात.

पार्कमधून चालायला पैसे लागत नाहीत. वाडा आणि बाग यांना तिकीट आहे, गाड्यांना पार्किंगचं शुल्क आहे. आत जायचंच असेल तर वेगळा दिवस काढा. दोन्ही एका दिवसात बसवलंत की चालणं घाईचं होतं आणि वाडाही अर्धवट राहतो. मोठी जत्रा किंवा घोड्यांच्या स्पर्धा असतील तेव्हा कुरणांत तंबू आणि गाड्याच असतात, तारखा आधी बघून ठेवा.

पूल ओलांडून डावीकडे वळा. क्वीन मेरीज बॉवर हा खंदकातला चौकोनी दगडी चौथरा. स्कॉटलंडची राणी मेरी चॅट्सवर्थला कैदेत होती, तिच्यावरून हे नाव पडलं. पुढचे सुमारे दोन किलोमीटर सपाट, पक्की वाट. लहान मुलं किंवा ढकलगाडी असेल तर बॅझलो ते पूल एवढाच भाग जाऊन-येऊन करा, बाकीची वाट त्यांच्यासाठी नाही. शेवटी गोल फिरणारं मोठं फाटक लागतं, मग ओढ्याकाठची घरं आणि बॅझलोच्या नेदर एंड भागातलं पार्किंग. डिसेंबरात चारलाच अंधारतं, म्हणून रोझली दहाच्या आत सोडा.

उजेड उरला असेल तर गावाच्या दुसऱ्या टोकाला सेंट ॲन चर्चपर्यंत जाऊन या. तिथल्या एका घड्याळावर आकड्यांच्या जागी इंग्रजीत ‘व्हिक्टोरिया १८९७’ अशी बारा चिन्हं आहेत. पार्किंगची पावती किती वाजेपर्यंतची आहे ते मात्र निघण्याआधी बघा.