काढायचीस

काल रात्री भांडी आवरताना चिनू म्हणाला, "मावशी, तू चित्रं काढायचीस ना?" त्याच्या मनात काही नव्हतं. पण 'काढतेस' नाही, 'काढायचीस'. रात्रभर ते एकच क्रियापद उशाशी बसून होतं.

सकाळी ४० डबे भरले. पोळ्या मोजताना दोनदा चुकले. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, झोप नाही झाली. आईचा फोन आला होता, तोही घेतला नाही. ते असो.

दुपारी कपाट उघडलं. दाराला आतून तिचं चित्र चिकटवलंय, कॉलेजात असताना मासिकातून कापलेलं. आना डोरोथेआ टेरबुश, अठराव्या शतकातली जर्मन चित्रकार. मूळ चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. डोक्यावरच्या फितीला अडकवलेलं एक भिंग एका डोळ्यासमोर लोंबतंय, हातात पुस्तक. विशीत मला त्या भिंगाचं नुसतं नवल वाटायचं. आज माझा चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई, स्वतःचं चित्र काढताना तिने ते भिंग लपवलं नाही.

घराणंच चित्रकारांचं, वडील चित्रकार, बहीण चित्रकार. १७४२ साली, एकविसाव्या वर्षी लग्न झालं ते बर्लिनच्या एका खानावळवाल्याशी. पुढची जवळजवळ १८ वर्षं नवऱ्याच्या खानावळीत हातभार, मुलंबाळं, आणि कुंचला बाजूला. तिलाही कुणी विचारलं असेल का, तू चित्रं काढायचीस ना?

मला आज फार रडू आलं. माझी १६ वर्षं झाली. ती कुठे ठेवली म्हणून कुणाला विचारू? रंगांच्या ट्यूब कधीच दगड झाल्या. हात तसाच राहिला असेल असं म्हणायचं धाडसही होत नाही.

पण ती चाळिशीत घराबाहेर पडली. १७६१ मध्ये श्टुटगार्टला ड्यूक कार्ल ऑयगेनच्या दरबारी गेली आणि थोड्याच काळात १८ चित्रं पुरी केली. (१८ वर्षं, १८ चित्रं. निव्वळ योगायोग, तरी मी तो धरून बसलेय.) मग मानहाइमला कार्ल थिओडोरच्या दरबारची चित्रकार झाली, आणि मग थेट पॅरिस. तिथे सगळं गोड झालं असं नाही. फ्रेंच लेखक दिदरो तिची बाजू घेणारा, तिच्यासमोर उघड्या अंगाने चित्राला बसलेला माणूस. त्यानेही लिहून ठेवलं की हिच्यात कमी गुणांची नव्हती, कमी होती ती तारुण्याची, रूपाची, विनयाची, नखऱ्याची. हे वाचलं की अजूनही अंगाची लाही होते. पॅरिस सोडताना डोक्यावर कर्ज होतं.

मात्र संध्याकाळी कणीक मळताना मला एकदम दुसरंच आठवलं. १७६७ मध्ये पॅरिसच्या राजेशाही अकादमीत तिला प्रवेश मिळाला, त्यासाठी तिने दिलेलं चित्र कशाचं होतं? देवी नाही, राणी नाही. हातात पेला घेतलेला एक पिणारा माणूस, मेणबत्तीच्या उजेडात. अशी माणसं तिने कुठे पाहिली असतील? हात कणकेतच राहिले माझे. रात्री उशिरापर्यंत बसलेलं गिऱ्हाईक, मेणबत्ती, काचेत थरथरणारा उजेड, आणि भांडी कधी आवरायची म्हणून दाराशी ताटकळलेली ती. तिने नक्की असंच पाहिलं असेल म्हणून मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मला तरी ते असंच दिसलं.

मग आमच्या ओट्याकडे पाहिलं. ट्यूबलाइटखाली उघडे डबे, प्रत्येक झाकणात उजेडाचा एक वाकडा तुकडा. हे मी १६ वर्षं रोज बघतेय. स्टीलमधला उजेड पांढरा नसतो, कडेला निळसर असतो आणि शेजारी उसळ असेल तर तांबूस.

हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर बॉलपेनने तीन झाकणं काढली. दोन बिघडली. तिसऱ्याची गोलाई जमली.

उद्या चिनूला ओट्यापाशी बसवणार आहे, ताट पुसताना. पाच मिनिटं तरी हलू नकोस म्हणून सांगायला हवं. त्याला एका जागी बसायची मुळीच सवय नाही.